मागचं झाड

पहिला पाऊस रात्रीच पडून गेला होता. सकाळी देवाची फुलं काढायला मागच्या दारी उतरले, तर जास्वंदीच्या पानांवरून अजून पाणी निथळत होतं आणि विहिरीच्या कठड्याचा दगड भिजून काळा झाला होता. वरचं फूल खुडायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. फांदीवर आधी दिसल्या त्या नुसत्या दोन मिशा. मधल्या बोटाएवढ्या लांब, मागे वळलेल्या, पेरापेरांच्या, वेताच्या बारीक छड्यांसारख्या. वाऱ्याने हलत असतील असं वाटलं, पण वारा पडलेला होता. त्या आपल्याआपण हलत होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, अंधारात चाचपत जाणाऱ्या माणसाच्या हातांसारख्या. मग त्यांच्या मागचं अंग दिसलं. राखी रंगाचं, पावसाने थोडं भिजलेलं, चांगलं दोन इंच लांब. सहाही पायांनी फांदीला मिठी मारलेली.

माझा जन्म गिरगावातल्या ठाकूरद्वारचा. याच वाडीत लहानाची मोठी झाले, आणि आता केस पांढरे झाले तरी इथेच आहे. झुरळं, मुंग्या, पावसाळ्यातली पाखरं, तुळशीवरच्या अळ्या, गॅलरीच्या वाशात भोक पाडणारे काळे भुंगे, सगळे पाहून झालेले. हा मात्र कधीच पाहिला नव्हता.

मागच्या दारी म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली वीस-पंचवीस पावलांची जागा. तिला बाग म्हणण्याची पद्धत आजीने पाडली. तेलाच्या डब्यांत तिने लावलेला ओवा, अनंत, दोन रंगांच्या जास्वंदी, गवती चहा, कढीलिंबाचं एक रोप. ते रोप आता दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत गेलंय. मध्ये विहीर, तिच्यावर लोखंडी जाळी. विहिरीपलीकडे कुंपणाची भिंत आणि भिंतीला टेकलेलं मोठं झाड. त्या झाडाला आम्ही वाडीतले सगळे 'मागचं झाड' म्हणतो. पाडव्याला आणि दसऱ्याला तोरणासाठी त्याची पानं काढतो, तेवढ्यापुरता तो आंबा. एरवी 'मागच्या झाडाखाली सायकल लाव', 'मागच्या झाडावर पतंग अडकलाय'. मोहोर येतो, वाऱ्यावर गळून जातो. कैरी धरल्याचं मला आठवत नाही.

किड्याला काचेच्या बरणीत घेताना तो ओरडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. पाठीवरून दोन बोटांत धरल्याबरोबर मान खालीवर हलवत त्याने करकर आवाज काढला, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा, बारीक पण अगदी स्पष्ट. दचकून मी तो सोडलाच होता. तोंडातून नव्हता तो आवाज. पुढे कळलं की त्याच्या छातीच्या कवचाची मागची कड पाठीवरच्या एका खरबरीत पट्टीवर घासते आणि त्यातून तो निघतो. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावं तसा. शत्रूच्या तोंडात सापडल्यावर शेवटचा उपाय म्हणून तो हे करतो. माझ्या बोटांत त्याची ती थरथर सबंध सकाळभर राहिली होती.

बरणी गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि अर्ध्या तासात मजल्यावरचे सगळे येऊन पाहून गेले. कुणी म्हणालं झुरळाची जात. कुणी म्हणालं विंचवाची, मिशांना नांगी समजून. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अगं, भुंगा आहे भुंगा. सोडून दे, देवीच्या फुलावर बसलेला." मला काकूंचंच म्हणणं जवळचं वाटलं, पण 'भुंगा' या शब्दाने पुढे जाता येईना. मराठीने या एका शब्दात फार गोतावळा कोंबून ठेवलाय. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या तो भुंगा, आणि ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात येतो तोही भुंगाच, सुक्या लाकडातून वाट काढणारा पण कमळाच्या कळीत आपणहून कोंडून राहणारा. आमच्या वाशातला काळा, निळसर पंखांचा, गुणगुणत येणारा, तो बहुधा त्याच कुळातला. तो खरं म्हणजे मधमाशीच्या नात्यातला आहे. चार पातळ पंख, फुलांवर पोट. बरणीतल्या पाहुण्याच्या पाठीवर मात्र कवचाची दोन झाकणं होती, आणि उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले.

वरच्या मजल्यावरचा मुलगा सातवीत आहे. मला मावशी म्हणतो. त्याच्या वहीत त्या दिवशी आम्ही जे दिसलं ते उतरवून काढलं. मिशीला पेरं अकरा. भिंगातून त्याने तीनदा मोजली, दर वेळी अकराच आली. डोळे गोल नाहीत. मिशी जिथून फुटते तिथे डोळ्यालाच खाच, म्हणजे डोळा मिशीच्या बुंध्याला अर्धा वळसा घालून बसलेला. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा. मानेवर दोन शेंदरी डाग, मूत्रपिंडाच्या आकाराचे, एकमेकांकडे पाहणारे. त्याखाली, पाठीची झाकणं जिथे सुरू होतात तिथे मधोमध एक शुभ्र टिकली, रांगोळीच्या बोटाने ठेवल्यासारखी. खांद्यांवर मोहरीहून बारीक, चकचकीत काळ्या दाण्यांची दाटी. बाकी पाठ राखाडी, तिच्यावर अस्पष्ट तांबूस ठिपके. अंगाच्या कडेने डोळ्यामागून शेपटापर्यंत गेलेला पांढरा पट्टा. राखाडी रंगही कवचाचा नव्हता. बारीक लव होती ती, आणि पायाजवळ जिथे झिजली होती तिथून खालचं काळं तपकिरी कवच दिसत होतं. मुलाने शेवटी लिहिलं, 'चेहरा सपाट'. ते वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

लांब मिशांच्या या भुंग्यांचं कुटुंब अवाढव्य आहे हे त्या संध्याकाळी समजलं. जगात त्यांच्या पस्तीस हजारांहून अधिक जाती, आपल्या देशात दीड हजाराच्या वर. शास्त्रातलं कुटुंबाचं नाव सेरँबिसिडी, ग्रीक कथेतल्या सेरँबस नावाच्या मेंढपाळावरून. गाणारा होता तो. वनदेवतांना दुखावलं म्हणून त्यांनी त्याचा लाकूड कुरतडणारा भुंगा केला अशी ती कथा. मी जुनी पुस्तकं चाळणारी बाई आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत सी. जे. गहान यांनी या भुंग्यांवर लिहिलेला खंड 1906 साली निघाला, त्याची स्कॅन केलेली प्रत मिळाली. दोन रात्री मी त्यातल्या चित्रांवरून बोट फिरवत होते. काय देखणी चित्रं! पाठीवरचा एकेक दाणा, पायाचं एकेक पेर. पण आमचा पाहुणा कुठेच नाही. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की या कुटुंबाची सर्वांत मोठी शाखा, लॅमिनी, त्या खंडात घेतलेलीच नाही. आणि त्या शाखेची खूण काय, तर डोकं खाली वळलेलं आणि चेहरा भिंतीसारखा सरळ उभा. मुलाच्या वहीतला 'चेहरा सपाट'. चुकीच्या घराचं दार ठोठावत होते मी. पण घर चुकलं हे कळल्यामुळेच गल्ली सापडली.

या तीन दिवसांत तो खात नव्हता. जास्वंदीची पानं ठेवली, काकडीची फोड ठेवली, साखरेचं पाणी ठेवलं. तो बरणीच्या तोंडाला लावलेल्या जाळीला उलटा लटकून राही. रात्री मात्र जागा होई. दिवा मालवल्यावर काचेवर त्याच्या नखांची टिकटिक सुरू व्हायची.

माझ्या मैत्रिणीची लेक कीटकशास्त्र शिकते. तिला फोटो पाठवले, सगळी टिपणं पाठवली. रात्री तिचा फोन आला. मला वाटलं नाव सांगेल. तिने विचारलं, "मावशी, जवळ झाड कोणतं आहे?"

मी म्हटलं, जास्वंदीवर सापडला.

"जास्वंदीवर पावसाने पाडलं असेल किंवा तुमच्या दिव्यावर आला असेल. तो कुठे सापडला यापेक्षा कशातून निघाला ते बघायचं. मोठं, जुनं झाड आहे का काही? आंबा, फणस, उंबर, वड, सावर?"

मी गॅलरीत उभी राहून बोलत होते. समोर चार हातांवर, अंधारात, मागच्या झाडाची पानं होती. इतकी जवळ की वाऱ्याने कठड्याला लागत होती. मी 'आंबा आहे' म्हटलं तेव्हा तो शब्द तोंडात नवीनच असल्यासारखा वाटला.

"मग एक कोवळी डहाळी बरणीत ठेवा," ती म्हणाली, "आणि सकाळी मला सांगा."

हात लांबवून डहाळी तोडली. पोपटी सालीची, पेन्सिलीएवढी. तोडताच चिकाचा तो वास आला, कैरीच्या देठाचा. डहाळी आत सरकवली आणि मी दिवा मालवून खुर्चीत बसून राहिले. पाचेक मिनिटं नखांची टिकटिक, मग ती थांबली आणि दुसराच आवाज सुरू झाला. अगदी हलका, कोरडा, सलग. उशाशी कुणी सुपारी कातरावी तसा. सकाळी पाहिलं तर डहाळीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून खाल्लेली होती, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं, आणि तो डहाळीला मिशा मागे टाकून स्वस्थ बसला होता. पुस्तकं, फोटो, भिंग यांनी जे झालं नव्हतं ते एका डहाळीने झालं होतं.

नाव त्याच दिवशी पक्कं झालं. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. स्वीडनच्या कार्ल दे येर यांनी 1775 साली त्याचं वर्णन करून ठेवलेलं. लॅटिन नावाचा अर्थ अगदी साधा, तांबड्या ठिपक्यांचा. दोन ठिपके मानेवर पाहून अडीचशे वर्षांपूर्वी कुणाला जे वाटलं तेच आमच्या सातवीतल्या मुलाला वाटलं होतं. त्याच्या सख्ख्या भावंडांतला एक, बॅटोसेरा रुबस, दिसायला बराचसा असाच, पण त्याच्या पाठीवरचे डाग पांढरे. दोघांत घोटाळा होतो, कारण मेलेल्या नमुन्यात तांबडा रंग विटतो. आमचा जिवंत होता म्हणून शंकेला जागा राहिली नाही. मिशा अंगाहून लांब, म्हणजे नर, असंही तिने सांगितलं. मग म्हणाली, "आंब्याचा खोडकिडा म्हणतात ना, तो हाच."

खोडकिडा म्हटल्यावर माझ्या मनात काहीच हललं नाही. पण आईच्या माहेरी राजापूरला मामेभावाला फोटो दाखवला, तर तो पटकन म्हणाला, "अगो, हां तर भिरूड!"

भिरूड. हा शब्द मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. आणि ऐकल्याबरोबर आजोबाच समोर उभे राहिले. उघडे, कमरेला पंचा, कानावर विडी, हातात मोडक्या छत्रीची काडी. काडीचं टोक वाकवून त्यांनी आकडी केलेली असायची. दिवाळीच्या सुट्टीत गेलो की सकाळी त्यांच्यामागून कलमांच्या बागेत हिंडायचं. ते प्रत्येक बुंध्याशी ओणवे होत, सालीवर तळहात फिरवत आणि एखाद्या झाडाशी थबकून म्हणत, "ह्येका भिरूड लागला." बुंध्यातून लाकडाचा ओला भुसा बाहेर आलेला, डिंक ओघळलेला. भोकात ते काडी सरकवत. आम्ही श्वास धरून उभे. काडी आत आत जाई, अर्धा हात, कधी हातभर. मग त्यांचा चेहरा बदले, गळाला मासा लागल्यावर बदलतो तसा. हलकेच पीळ देऊन ते काडी ओढत आणि आकडीला अडकून ती बाहेर येई. बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची अळी. कोंबड्या आधीच येऊन उभ्या असत. मग रॉकेलचा बोळा आणि वरून शेणमातीचा लेप. आजोबांनी लेपावर अंगठ्याने दाब दिला की त्यांच्या अंगठ्याचा ठसा झाडावर राहायचा.

म्हणजे मी याला ओळखत होते. अळी म्हणून ओळखत होते, शब्दाने ओळखत होते, त्याच्यामुळे आजोबांच्या कपाळाला पडणारी आठी ओळखत होते. मिशांचा, शेंदरी ठिपक्यांचा हा तोच, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूला भिरूड म्हणजे झाडाच्या आतलं दुखणं. त्या दुखण्याला पंख फुटतात, ते पावसाच्या पहिल्या रात्री बाहेर पडतं आणि दिव्याकडे जातं, ते पाहायला आम्ही जूनमध्ये तिथे नसायचो. शाळा सुरू झालेली असायची, आम्ही गिरगावात.

मराठीत ओळख पटते आणि ओळख होते. दोन्ही ठिकाणी ओळखच, पण क्रियापद बदललं की सगळं बदलतं. हरवलेल्या सामानाची ओळख पटवतात. माणसाची ओळख होते, आणि ती झाली की त्याचं गाव, घर, माणसं यांचीही होते. बॅटोसेरा म्हणून त्याची ओळख पटली तेव्हा मला बरं वाटलं. भिरूड म्हणून झाली तेव्हा मी उठून खाली गेले आणि मागच्या झाडापाशी उभी राहिले.

जवळून त्याला असं मी किती वर्षांनी पाहत होते! बुंधा माझ्या दोन कवेत मावणार नाही एवढा. भिंतीच्या बाजूची साल दगडावर घासून गुळगुळीत झालेली. पालिकेच्या वृक्षगणनेत कधीतरी रंगवलेला आकडा, आता अर्धा पुसलेला. कमरेच्या उंचीवर, सालीच्या एका खाचेत, भोक. करंगळी जाईल एवढं, कडा सुताराने रंधा मारल्यासारख्या साफ. त्याच्या वर हातभर अंतरावर दुसरं, जुनं, कडेची साल भरत आलेली. पलीकडच्या एका मोठ्या फांदीची पानं पिवळी पडलेली. ती आम्हाला गॅलरीतून दिसायची आणि आम्ही म्हणायचो, ऊन लागतं. साफ भोकात मी करंगळी घातली. आत गार होतं.

इथून निघाला तो. मादी सालीच्या भेगेत अंडं घालते. अळी साल आणि लाकूड यांच्यामधून नागमोडी खात जाते, मग गाभ्यात शिरते. महिने न् महिने अंधारात फक्त लाकूड. तिथेच कोष. आणि कवच पुरतं टणक झालं, बाहेर पाऊस आला, की एका रात्री वाट कोरून बाहेर. वर्षाचा मुक्काम आंब्याच्या पोटात आणि बाहेर फक्त काही आठवडे. आपल्याकडचा हा प्राणी पुढे जहाजांबरोबर लाकडातून कुठे कुठे गेला. पार इस्राएलपर्यंत, आणि तिथल्या अंजिरांची त्याने दैना केली. आंबा, फणस, अंजीर, उंबर, रबर, सावर. त्याची यादी लांब आहे.

ती यादी वाचताना मी नाक्यावरच्या पाट्या वाचत असल्यासारखं झालं. फणसवाडी इथून दोन मिनिटांवर. पुढे गेलं की आंबेवाडी. केळेवाडी, बोरभाट, मुगभाट. गिरगाव म्हणजे एके काळी भाटं आणि वाड्या, माडाच्या, फळझाडांच्या, भाजीच्या. झाडं गेली, त्यांची नावं पोस्टमनसाठी उरली. फणसवाडीत बालाजीचं गोपुर आहे, लोक दर्शनाला रांगा लावतात, पण फणस म्हणजे बाजारातून आणायचा. हे आम्हाला कधी खटकलं नाही, कारण पत्ता हा वाचायचा नसतो, सांगायचा असतो. आणि इथे या प्राण्याच्या लेखी पत्ता अजून झाडाचाच होता. ठाकूरद्वारच्या दोन चाळींच्या फटीत, विहिरीमागे, एक आंबा आहे, हे त्याच्या आईने वाऱ्यावरच्या वासाने हुडकलं असणार. कुठून आली असेल ती? मलबार हिलच्या उतारावरून? खोताच्या वाडीतल्या एखाद्या परसातून? की या एकाच झाडात पिढ्यान् पिढ्या यांचं चाललंय, आजी ओव्याचे डबे लावायची तेव्हापासून?

प्रार्थना समाजच्या नाक्यावरून मी आयुष्यभर ये-जा केली आहे. 1867 साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांत पुढे असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. त्यांचं आणखी एक काम मला या निमित्ताने कळलं. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयात आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. सहा इंग्रज, दोन मराठी. दोन्ही मराठी डॉक्टर: एक हे आत्माराम पांडुरंग, दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ठरलं होतं काय, तर महिन्यातून एकदा भेटायचं, आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, सापडलेला नमुना दाखवायचा. एवढंच. पुढे त्यातून केवढी मोठी संस्था उभी राहिली. मला ते पहिले दिवस फार ओळखीचे वाटतात. बरणी कठड्यावर, भोवती सातवीतला मुलगा, काकू, मी, आणि प्रत्येकाच्या तोंडी 'हे काय असेल?' देवाधर्माचा नव्याने विचार करणाऱ्या त्या माणसाला किडे-पाखरांबद्दलही तेवढीच उत्सुकता होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता त्याचं करायचं काय? मामेभाऊ म्हणाला, चिरड. त्याचं बरोबर होतं. त्याचं पोट कलमांवर आहे. मैत्रिणीची लेक म्हणाली, नर आहे, अंडी घालणार नाही, तुम्ही ठरवा. मुलगा काहीच बोलला नाही, बरणी धरून उभा राहिला. पाचव्या रात्री, पाऊस उघडला होता तेव्हा, आम्ही बरणी खाली नेली आणि आडवी करून बुंध्याला टेकवली. बराच वेळ तो काठावर नुसत्या मिशा फिरवत होता. मग सालीवर पाय ठेवला आणि दिसेनासा झाला. खरोखर दिसेनासा. विजेरीच्या उजेडात तो कुठे आहे ते माहीत असूनही ती राखाडी पाठ आणि ती राखाडी साल वेगळी करता येईना. मुलाने हळूच हात लावला तेव्हा तो एकदा ओरडला आणि वर चढत गेला.

मृग गेला, आर्द्रा गेली. गणपती आले, गेले. पावसाळाभर मी रोज सकाळी झाडाचा बुंधा पाहत होते आणि काही दिसत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊस थांबून आठवडा झाला होता. तोरणाची पानं काढायला मी आणि मुलगा खाली गेलो. बुंध्याशी, विहिरीच्या फरशीवर, भुशाची लहानशी रास होती. पिवळट, ओलसर, तंतूंची. पावसाने इतके दिवस धुऊन नेली होती म्हणून दिसली नव्हती. वर पाहिलं. गुडघ्याच्या उंचीवर नवं भोक आणि कडेला डिंकाचा ताजा थेंब.

घरात मोडकी छत्री होतीच. काडी काढून चिमट्याने तिचं टोक वाकवलं. वळण आजोबांच्या आकडीसारखं यायला तीनदा वाकवावं लागलं. मुलगा पांजरापोळाकडून शेण घेऊन आला होता, कुंडीतली माती त्यात कालवली. मग मी फरशीवर गुडघे टेकले, बुंध्याला कान लावला. आधी फक्त रस्त्यावरच्या गाड्या. कानाला साल टोचत होती. श्वास धरला तेव्हा, खूप आत, ऐकू आलं: कोरडं, सलग, सुपारी कातरल्यासारखं.

मी मुलाला खूण केली. त्यानेही कान लावला. त्याचे डोळे मोठे झाले.

"मावशी, तोच?"

"तोच. पुढच्या जूनमधला."

काडी सरकवली. एक वीत गेली, मग अजून चार बोटं, आणि तिथे लाकूड संपून मऊ काहीतरी लागलं. हातात थरथर आली, जूनमध्ये बोटांत आली होती तशीच. मुलगा माझ्या हाताकडे पाहत होता. पिवळ्या पडलेल्या फांदीची दोन पानं आमच्यामध्ये येऊन पडली. मी काडीला हलकेच पीळ दिला आणि ओढली.

लेप लावून झाल्यावर त्यावर अंगठ्याने दाबायला मी मुलाला सांगितलं.